अठ्ठावीस दिवसांचा महिना

पाच घरी पोळ्या करते मी, कर्वेनगर ते डहाणूकर.
कामतांकडं बारा, जोगळेकरांकडं आठ,
तिसऱ्या मजल्यावरच्या पोरांकडं वीस,
त्यात दोन जास्तीच्या, कुणी मित्र आला तर.
पगार एक तारखेला. कधी तीनला.
कधी "ताई, उद्या नक्की."

मोबाइलचा महिना मात्र अठ्ठावीस दिवसांचा,
हे पहिल्या वर्षी कळलंच नाही.
जानेवारीत पाच तारखेला मारलेला रिचार्ज
मागं मागं सरकत मेमध्ये पंचवीसला आला,
डब्यात दीडशे रुपये असताना.
भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी दुधाचे खाडे मांडते,
गॅस कधी लावला ते लिहिते.
डिसेंबरात मोजले तर रिचार्जचे गोल तेरा.

अधिक महिना आपल्याकडं तीन वर्षांनी येतो,
जावयाला अनारसे तरी मिळतात.
यांचा धोंड्याचा महिना दरसाल
आणि वाण आम्हीच द्यायचं.

पुखराजशेठला विचारलं, हे ठरवलं कुणी?
म्हणाला, ताई, वरून आलंय.
तीनशेतला उरलेला रुपयाही दिला नाही,
बरणीतून गोळी काढून दिली. खोकल्याची.

माझ्या बापानं औशाला लाइफटाइमचं सिम घेतलं होतं,
शेळी विकून, एकदाच काय ते पैसे भरून.
बाप अजून आहे. चालतो, शिव्या देतो.
लाइफ सिमचंच संपलं.
आता रिचार्ज नसला की त्याला आलेला फोनही लागत नाही.
मिस कॉलवर संसार केलेला माणूस तो:
एक रिंग म्हणजे बरा आहे,
दोन म्हणजे पैसे पाठव.

आणि ते रोजचं दीड जीबी.
प्रांजल अकरावीला, सायन्स.
दुपारी चारलाच मेसेज येतो, नव्वद टक्के संपलं.
मग चकरी फिरत राहते
आणि सर तोंड उघडून थांबतात,
दाताच्या डॉक्टरकडं बसल्यासारखे.
रविवारी मात्र उरतं.
उरलेलं जातं कुठं?
माझ्याकडं पोळी उरली तर सकाळी कुस्करते,
मोहरी, कांदा, दाण्याचं कूट, वर लिंबू,
ताटलीवरून भांडणं होतात.
यांचं उरलेलं बाराच्या ठोक्याला नाहीसं,
फोडणीलासुद्धा मिळत नाही.

तर मागच्या मंगळवारी जोगळेकरबाईंना म्हणलं,
माझाही महिना आता अठ्ठावीस दिवसांचा.
त्या हसल्या. मी लाटतच होते.
मग हसायच्या थांबल्या.
"असं कसं, कालिंदा? महिना म्हणजे महिना."
म्हणलं, तेच मी शेठला सांगून आले.
त्यांनी ओठ हलवत मोबाइलवर हिशेब केला,
दोनदा केला,
आणि चहा ठेवला.
उत्तर अजून नाही. चहात आलं होतं पण.

काल रात्री पावणेबाराला प्रांजल म्हणाली,
आई, पस्तीस टक्के उरलंय, पप्पांना लावू?
ते धुळ्याच्या पुढं कुठंतरी
टेम्पो बाजूला घेऊन जेवत होते.
रोटी ढाब्याची, जाड, कडेला कच्ची,
एवढ्याशा उजेडातही ओळखली मी.
बोलायचं असं काही नव्हतं.
टायर बदलला का. खोकला कसाय.
कामतांचं कुत्रं गेलं.
तरी कुणी फोन ठेवेना.
ते जेवत राहिले, आम्ही बघत राहिलो,
त्यांनी हात धुतले तेही बघितलं,
बाटली लावून पाणी प्यायले तेही.

मग प्रांजलचं लक्ष घड्याळाकडं गेलं, बारा वाजून चार,
आणि नव्यातलं जायला लागलंय हे कळून
तिनं घाईनं कट केला,
पप्पा काहीतरी बोलणार होते तेव्हाच.

आज तिचा केमिस्ट्रीचा क्लास आहे.